माळ्यावर ठासणीची बंदूक सापडली, शिवकालीन असेल का?

वाडा_वाई:
नमस्कार मंडळी. वाईजवळ गावाकडं आमचं जुनं घर आहे ते उतरवायला काढलंय, तर माळ्यावर वाशाला बांधून ठेवलेली लांबच्या लांब बंदूक निघाली, उभी केली तर माझ्या खांद्याला लागते, नळी दस्त्याला चामड्याच्या वाद्यांनी बांधलीय आणि चापाच्या वर चिमट्यासारखं लोखंड आहे ते अजून हलतं. चुलते म्हणतात महाराजांच्या फौजेतली आहे. खरं असेल का? चकमकीची (गारेच्या ठिणगीनं उडणारी) आहे का तोड्याची (जळत्या वातीनं उडणारी)? धाकटा पुतण्या सारखा खांद्याला लावून बघतोय.

कोयनाकाठ:
दादा, आधी त्या पोराच्या हातातून काढून घ्या, बाकी सगळं नंतर. जुन्या लोकांत बार भरूनच बंदूक टांगून ठेवायची सवय होती, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीसुद्धा पेटते. तपासायला सोपं आहे. एक लाकडी काठी घ्या, लोखंडी गज नको, ठिणगी नको. नळीचं तोंड माणसांपासून लांब करा, आपण बाजूला उभं राहा, काठी अलगद आत सोडा, ठोकू नका. तोंडापाशी काठीवर खडूनं खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीवर बाहेरून तशीच ठेवा, खूण तोंडाशी धरून. टोक कानापर्यंत (मागचं बारीक भोक) पोचलं तर रिकामी. चार-सहा बोटं अलीकडं राहिलं तर आत काहीतरी आहे असंच समजा. कानात तार घालू नका, गोळी उपसायला तर अजिबात जाऊ नका.

मिरजेचा_मास्तर:
चिमटा आहे आणि गार (ठिणगीचा दगड) धरायचा जबडा नाही म्हणजे तोड्याचीच. जळता तोडा त्या चिमट्यात, चाप ओढला की तो खाली वाटीतल्या रंजकेवर (पेटवायच्या बारीक दारूवर) यायचा, तिथून कानातून जाळ आत. पावसात तोडा विझला की बंदूक म्हणजे नुसती काठी, आणि रात्री तो लालसर ठिपका शत्रूला लांबून दिसायचा.

पण तोड्याची म्हणजे शिवकालीन असं धरू नका. महाराजांच्या काळात हीच होती हे खरं, पण आपल्याकडं ती १९व्या शतकातही बनत होती, कारण गावचा लोहार दुरुस्त करू शकायचा आणि गारेची गरज नव्हती. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला इब्राहिमखान गारद्याच्या पलटणी चकमकीच्या बंदुकांनी लढल्या, फ्रेंच कवायत शिकलेल्या, आणि त्याच काळात आपले बाकीचे बरकंदाज (बंदूकवाले शिपाई) तोडाच वापरत होते. दोन्ही बरोबरच चालल्या. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळं शंभर पावलांपलीकडं एकट्या माणसावर नेम म्हणजे नशीब, म्हणून तर रांगा करून एकदम बार काढायचे.

कंपनी सरकारची असती तर कळीवर (चापाच्या यंत्रावर) हृदयाच्या आकाराची खूण किंवा दोन पायांवर उभा सिंह दिसला असता. नळीवर नंबर कोरलाय का बघा, १८७८ च्या हत्यार कायद्यानंतर परवाना लागायचा, तो नंबर असू शकतो. घरात जुनी कागदं असतील तर ती रद्दीत घालू नका, बंदुकीइतकीच मोलाची आहेत. आणि कृपा करून पॉलिश मारू नका, वाद्याही सोडू नका.

वाडा_वाई:
मास्तर, नळीवर मागच्या बाजूला देवनागरी आकडे आहेत, दोन पुसलेत. म्हणजे परवान्याची, शिकारीची असावी, चुलत्यांना अजून सांगितलं नाही, वाईट वाटंल त्यांना.

कोयनाकाठ, तुमचे उपकार आहेत. काठी सहा बोटं अलीकडं थांबली. दोनदा केलं, दोन्हीदा तिथंच. खोलीला कुलूप लावलंय, तोंड दगडी भिंतीकडं केलंय, पोरांना आजोळी पाठवलं. पोलीस ठाण्यात सांगून आलोय, उद्या माणूस येतोय. पुतण्यानं दोन दिवस चाप ओढून बघितला होता म्हणं.

मिरजेचा_मास्तर:
चुलत्यांना सांगा, पण बंदूक हलवायच्या आधी नंबराचा फोटो काढून ठेवा. साताऱ्याच्या संग्रहालयातही दाखवून बघा.

कोयनाकाठ:
उद्या काय होतंय ते इथं नक्की टाका. रात्री खोलीत चिलीम, उदबत्ती, दिवा काहीच नको.