क्रूझची सुट्टी : मजा पाण्यात की पैसे पाण्यात?

रंकाळाकाठ

दिवाळी संपली की कट्ट्यावर क्रूझचा विषय निघतो आणि दहा मिनिटांत 'त्यापेक्षा गाडी काढू, मालवण गाठू' इथं येऊन बसतो. माझं मत उलट आहे. मांडतो, खोडून काढा.

आपल्याकडं सहल म्हणजे हजेरीपट. पुळ्याचा गणपती झाला, पावस झालं, येताना मार्लेश्वर झालं. या मापानं क्रूझ नापासच होणार, कारण तिच्यात बघायची ठिकाणं मुळात कमी. तिची मजा दोन बंदरांच्या मधल्या पाण्यात आहे. बॅग एकदाच उघडायची, कपडे कपाटात लावायचे, मग खोलीच तुम्हाला घेऊन रात्रभर चालते. घाटातली वळणं नाहीत, जेवायला कुठं थांबायचं यावरून गाडीत भांडण नाही, आजीला जिने चढायला लागत नाहीत. घरातल्या बाईला तीन दिवस कुणाच्या चहाचं बघावं लागत नाही, एवढं एक कारणही मला पुरतं.

आणि जहाज सुटतं ती वेळ चुकवू नये. बहुतेक लोक तेव्हा बुफेच्या रांगेत असतात. आपण सगळ्यात मागच्या उघड्या डेकवर जावं. दोर सुटतात, बाजूचे थ्रस्टर, म्हणजे जहाज आडवं ढकलणारे पंखे, पाणी घुसळतात आणि एवढं धूड धक्क्यापासून चक्क आडवं सरकतं. मधली गढूळ फट हळूहळू रुंद होत जाते. मुंबई बंदरात पाणी चहाच्या रंगाचं असतं, सकाळी उठून बघावं तर निळंशार.

तांबडा_पांढरा

दादा, आधी नकाशा बघा की. कोल्हापूर ते गोवा आंबोलीमार्गे सव्वादोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर. क्रूझनं जायचं म्हणजे आधी पावणेचारशे किलोमीटर मुंबई, मग समुद्रातून परत तेवढंच खाली गोव्याचं मुरगाव बंदर. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. बरं, मुरगाव म्हणजे पणजी नव्हे. तिथून पणजी तीसेक किलोमीटर. सुटायच्या तासभर आधी सगळ्यांना आत घेतात आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. जाण्यायेण्याचा वेळ वजा केला तर गोवा किती उरला?

दुसरं, भाड्याचा आकडा. जाहिरातीत दिसतो तो एका माणसाचा आणि एका केबिनमध्ये दोघं धरून. एकटा माणूस गेला तर जवळपास दोघांचं भाडं बसतं. त्यावर बंदर शुल्क, सेवा शुल्क, जीएसटी. आत गेल्यावर दारू, इंटरनेट, स्पा, बंदरावरची सहल सगळं वेगळं. रोख चालत नाही, केबिनच्या कार्डावर टिपलं जातं, म्हणून खर्च दिसत नाही. शेवटच्या सकाळी बिल बघून तोंड उतरतं. ज्यांना जायचंय त्यांनी रोज रात्री रिसेप्शनला किंवा केबिनमधल्या टीव्हीवर आपलं खातं बघावं. चुकीची नोंद त्याच दिवशी दुरुस्त होते, शेवटच्या सकाळी तिथं भलीमोठी रांग लागते.

डेक_नकाशा

तांबडा-पांढरा यांचा भाड्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण खर्च वाया जातो तो बहुतेक चुकीच्या केबिनमुळं, त्यावर कुणी बोलत नाही.

जहाज पाळण्यासारखं डुलतं आणि खाली-वर झुलतंही. सी-सॉची टोकं जास्त हलतात आणि मधला भाग कमी, तसंच इथं. म्हणून मळमळणाऱ्यानं लांबीच्या मधोमध, खालच्या डेकवरची केबिन घ्यावी. 'सगळ्यात वर, सगळ्यात पुढं' ही केबिन बघायला भारी, झोपायला वाईट. बुक करण्याआधी डेकचा नकाशा उघडून आपल्या खोलीच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर स्विमिंग पूल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज, खाली डिस्को असेल तर रात्री दोनपर्यंत धडधड. वर आणि खाली केबिनच असतील ती खोली शांत. काही खिडक्यांसमोर लाइफबोट लटकलेली असते, ती खोली स्वस्त का आहे ते मग कळतं. 'कुठलीही केबिन चालेल' असं सांगून घेतलेली सगळ्यात स्वस्त, पण तिथं यातलं काहीच तुमच्या हातात नाही.

गर्दी ओळखायची सोपी रीत : जहाजाच्या ग्रॉस टनेजला प्रवासीसंख्येनं भागा, एका केबिनमध्ये दोघं धरून. हे टन म्हणजे वजन नव्हे, आतल्या जागेचं माप. मुंबईहून सुटणारं 'एम्प्रेस' १९९० चं, ४८ हजार ५६३ टनांचं, ७९६ केबिनचं. भागाकार साडेतीसच्या आसपास. २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' प्रचंड म्हणून गाजलं, पण त्याचा भागाकार ४४ येतो, म्हणजे माणसं कितीतरी जास्त असूनही माणशी जागा जास्त. भागाकार तिशीत येणाऱ्या जहाजावर सकाळी साडेआठ ते साडेनऊ बुफेकडं फिरकू नका. त्याच वेळी टेबलावर वाढणारं रेस्टॉरंट बरंच रिकामं असतं, आणि तेही भाड्यातच धरलेलं असतं.

मंगळवारपेठी

बाकी राहू दे भावा, भडंग नेता येतंय का तेवढं सांग.

डेक_नकाशा

कारखान्याचं सीलबंद पाकीट बहुतेक ठिकाणी चालतं. घरचं डब्यातलं, तेल सुटलेलं कांदा-लसूण चटणीचं भांडं काढून ठेवतील. किटली, इस्त्री हमखास जप्त, उतरताना परत मिळतात. सर्ज प्रोटेक्टरवाला, म्हणजे विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा, एक्स्टेन्शन बोर्डही नेऊ नका. जहाजाची वीज घरच्यासारखी अर्थिंगला बांधलेली नसते, त्यामुळं कुठं बिघाड झाला तर त्या बोर्डातला भाग तापून पेट घेऊ शकतो. साधा यूएसबी चार्जर चालतो.

जोतिबा_डोंगर

रंकाळाकाठ, निळंशार पाणी म्हणता, त्या पाण्यात काय सोडतात तेही लिहा. मारपोल या जहाजांच्या प्रदूषणावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार दळून निर्जंतुक केलेलं सांडपाणी किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांपलीकडं सोडता येतं आणि प्रक्रिया न केलेलंसुद्धा बारा मैलांपलीकडं, जहाज चालतं असताना. दळलेलं उष्टं तीन मैलांपलीकडं. प्लॅस्टिकला मात्र कुठंच परवानगी नाही. पंचगंगेत सांडपाणी मिसळलं की आपण मोर्चे काढतो आणि इथं सेल्फी?

शाहूपुरी_मावशी

जोतिबा, नियम बरोबर सांगितलास, पण अर्धेच. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. तरी क्रूझ म्हणजे हिरवीगार सहल असं मी म्हणणार नाही. वीज, एसी, लाँड्री सगळं त्या इंजिनावर, झोपेतही इंधन जळतंच. तुझा मुद्दा राहतोच.

माझा आक्षेप वेगळा आहे. लोक तयारी कपड्यांची करतात, पोटाची नाही. उलटीची गोळी मळमळ सुरू झाल्यावर गिळून उपयोग नाही, जहाज हलायच्या तासभर आधी घ्यायची. तिनं झोप येते, आणि बीपी, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. मळमळ का होते तर आतला कान सांगतो हलतोय आणि बंद केबिनच्या भिंती डोळ्याला सांगतात स्थिर आहे. म्हणून केबिनमध्ये मोबाईल बघत पडू नये, बाहेर येऊन क्षितिजावर नजर लावावी. आलेपाक खिशात असू दे. पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंबही नाही.

दुसरं, हात साबणानं धुवा. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर दाराशी ठेवलेल्या सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही. तिसरं, केबिनच्या बाथरूमला चार बोटं उंच उंबरा असतो, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. रात्री अंधारात अंगठा तिथंच आपटतो. म्हाताऱ्या माणसांसाठी बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवा.

तांबडा_पांढरा

मावशी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूच्या?

शाहूपुरी_मावशी

जाणाऱ्याच्या. उगाच जाणाऱ्याच्या नाही.

महालक्ष्मीचा_प्रवासी

द्राविडी प्राणायामाबद्दल. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री कोल्हापुरातून निघून सकाळी सीएसएमटीला सोडते, तिथून बॅलार्ड पिअर, म्हणजे क्रूझचा धक्का, टॅक्सीनं दहा-पंधरा मिनिटांवर. चेक-इन साधारण दुपारी, म्हणजे गाडी दोन-तीन तास उशिरा आली तरी निभावतं. कोयना संध्याकाळी पोचते, त्यामुळं तिनं जायचं तर आदल्या दिवशी. खरी अडचण परतीची. जहाज सकाळी लागतं, उतरेपर्यंत कोयना सुटलेली असते आणि महालक्ष्मी रात्री. दिवसभर सामान घेऊन कुठं हिंडणार? सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप असल्याशिवाय तिथं घेत नाहीत, हे लक्षात असू दे.

मोबाईल किनारा सुटायच्या आत एअरप्लेन मोडवर टाका. नाहीतर रेंज गेल्यावर तो आपोआप जहाजाचं उपग्रहावरचं नेटवर्क पकडतो आणि रोमिंगचं बिल क्रूझच्या भाड्याशी स्पर्धा करतं.

रंकाळाकाठ

तांबडा-पांढरा, गोवा किती उरला या प्रश्नाला माझं उत्तर : उतरूच नका. सगळे उतरल्यावर पूल, खुर्च्या, लिफ्ट सगळं रिकामं असतं. ज्याला गोवा बघायचाय त्यानं आंबोलीनंच जावं, तिथं तुमचं बरोबर आहे.

तांबडा_पांढरा

म्हणजे गोव्याला जाऊन गोवा बघायचा नाही. लई भारी. मग लक्षद्वीपचं काय? तिथंही उतरायचं नाही?

डेक_नकाशा

तिथं उतरणं तुमच्या मनावर नाही. प्रवाळामुळं मोठं जहाज बेटाला लागू शकत नाही, बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटीनं नेतात. लाटा वाढल्या की बोटीत पाय टाकताना माणूस पडू शकतो, म्हणून कॅप्टन उतरणं रद्द करतो. भाडं सहसा परत मिळत नाही, फक्त त्या बेटावरच्या सहलीचे पैसे मिळतात, तेही अटी वाचा. बेटासाठी प्रवेश परवाना लागतो, ओळखपत्रावरचं नाव आणि तिकिटावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळायला हवं.

सुटण्याआधीची सुरक्षा कवायत टाळू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा ऐकला की आपल्या ठरलेल्या जागी जायचं. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' आपटून ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत तोवर झालीच नव्हती. त्यानंतर ती सुटण्याआधी किंवा सुटल्यासुटल्या घेण्याचा नियम झाला.

मंगळवारपेठी

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात म्हणे. मग सकाळचे कपडे?

शाहूपुरी_मावशी

ते, चपला, औषधं आणि ओळखपत्र एका पिशवीत काढून मगच बॅग बाहेर. दरवेळी कुणीतरी नाइट ड्रेसवर धक्क्यावर उतरतं.