'टाइम फ्यूज'ला वात म्हणावं का?

शब्दवेडी: अमेरिकी यादवी युद्धावरचं एक प्रकरण मराठीत आणतेय. १८६२ ची फ्रेडरिक्सबर्गची लढाई. पोकळ तोफगोळ्यात बसवलेला, ठरावीक सेकंदांनी गोळा फोडणारा टाइम फ्यूज. मी 'पलिता' लिहिलं, संपादकांनी खोडून 'वात' केलं. माझे आजोबा तर सुतळी बॉम्बच्या वातीलाही पलिताच म्हणायचे. बरोबर काय?

जुनंदप्तर: ताई, पलिता गोलंदाजाच्या हातात असतो. त्याने तोफेच्या कानाला बत्ती द्यायची. गोळ्याच्या पोटात जातो तो पलिता नव्हे. आणि 'पोकळ गोळा' कशाला? 'कुलपी गोळा' हा आपला चोख शब्द आहे.

विहीरकाठ: वातच! मामांच्या विहिरीला सुरुंग लावायला वडार यायचे. नवं भेंडोळं सोडलं की आधी वीतभर वात तोडून पेटवायची, तोंडाने आकडे मोजायचे, मग भोकात किती हात घालायची ते ठरायचं. दमट वात वेळ खाते, म्हणून ती धान्याच्या कणगीत ठेवायचे.

शब्दवेडी: दादा, अडचण तिथेच आहे. माझ्या मजकुरातला फ्यूज बोरमान या बेल्जियन अधिकाऱ्याचा. कथील-शिशाची चकती, तिच्यात घोड्याच्या नालासारखी खाच, खाचेत ठासलेली दारू. वरच्या पातळ पत्र्यावर सव्वापाच सेकंदांपर्यंत आकडे. हव्या आकड्यावर टोचून पत्रा फोडायचा. तोफ उडाली की तिचीच आग त्या भोकातून आत शिरते. यात वात कुठे आली?

तोफखाना: अगदी बरोबर. त्या युद्धात उत्तरेशी लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या कारखान्यांनी याची नक्कल केली आणि खालून खाच बंद करायचं काम त्यांना नीट साधलं नाही. तोफेचा दणका बसला की सांध्यातून ज्वाळा थेट गोळ्यातल्या दारूत. चाचणीत पाचातले चार गोळे वेळेआधी फुटले, काही तर तोफेतच, असं त्यांच्याच एडवर्ड पोर्टर अलेक्झांडर या तोफखाना अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय. आपल्याच पायदळाच्या डोक्यावरून असे गोळे कोण टाकणार? मग ते कागदी फ्यूजकडे वळले. कागदाची निमुळती नळी. रंगावरून कळायचं की इंचाला किती सेकंद. हवी तेवढी कापायची. तिला खुशाल वात म्हणा, बोरमानला नको.

जुनंदप्तर: मग 'मुदतबत्ती' करा.

खडकीकर: कशाला नवे शब्द पाडायचे? वडिलांची उभी हयात दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. फ्यूज म्हणजे फ्यूज. घरी जेवतानाही तोच शब्द.

जुनंदप्तर: अहो, तुमच्या घरी. बाकीच्यांना फ्यूज म्हटलं की मीटरच्या पेटीतली तार आठवते. शब्द मराठीत असताना तो मरू द्यायचा? १८१८ साली रायगडावर इंग्रजांनी तोफा डागल्या, वाडा पेटला. ते सांगताना आपण कुलपी गोळेच म्हणतो ना?

विहीरकाठ: कुलपी म्हणजे कुलूप घातल्यासारखा बंद, असंच ना?

जुनंदप्तर: हो. मूळ अरबी 'कुफ्ल', त्याचं उलटून 'कुलूप'. खायची कुल्फीही त्याच घरातली, झाकणाच्या साच्यातली म्हणून.

खडकीकर: हे फार ओढून ताणून वाटतं. कुल्फी कुठे, तोफ कुठे.

शब्दवेडी: मंडळी, मला उद्या मजकूर द्यायचाय. मुदतबत्ती लिहू की फ्यूज?

विहीरकाठ: ओढूनताणून नाही हो. आजी पत्र्याच्या साच्यात कुल्फी करायची. झाकण लावून सांध्यावर कणीक थापायची आणि साचा बर्फ-मिठात पुरायची. कणीक एका जागी जरी विरळ लागली, तरी खारं पाणी आत जाऊन सगळं आटीव दूध वाया जायचं.