कोजागिरीच्या संध्याकाळी थेट डोक्यावर

गुहागरच्या काळोख्या किनाऱ्यावरून गॅमा किरणांचा स्फोट दिसेल का, असा प्रश्न कुणालाही पडेल. नाही. गॅमा किरण म्हणजे सर्वांत जास्त ऊर्जेचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, आणि तो वातावरणातच अडतो. तो टिपायला उपग्रहच हवा. पण ९ ऑक्टोबर २०२२ ची कोजागिरी आठवा. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, नोंदवलेला आजवरचा सर्वांत तेजस्वी स्फोट पृथ्वीवर पोचला. तो शर तारकासमूहात होता, म्हणजे त्या क्षणी कोकणाच्या जवळजवळ डोक्यावर! अशा स्फोटात महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळून कृष्णविवर बनतं, त्यातून निघालेला झोत ताऱ्याचं कवच फोडून बाहेर येतो. या झोतातला प्रकाश सुमारे दोनशे कोटी वर्षं प्रवास करत आला आणि तरीही आपलं आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, हलवून गेला. मला हे विलक्षण वाटतं. आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या खगोल-उपग्रहानेही तो स्फोट टिपला.

ज्याचा साधा प्रकाश नुसत्या डोळ्यांनी दिसू शकेल असा स्फोट १९ मार्च २००८ चा, तोही जेमतेम अर्धा मिनिट. तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजत आले होते.

हौशी निरीक्षकाने स्फोटानंतर उरणाऱ्या मंद प्रकाशाच्या मागे लागावं. दुर्बिणीला कॅमेरा जोडा, स्फोट टिपणाऱ्या उपग्रहांच्या सूचनांवर नजर ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. किनाऱ्यापेक्षा वरचा सडा (डोंगरावरचं सपाट कातळ) बरा, खाली खारं धुरकट फार.