तलावात कासव सोडून पुण्य कमावणाऱ्यांसाठी

खडकवासलाकर (धागालेखक)

परवा आमच्या कोथरूडच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी लिहिलं, "कासवाला आता टब पुरत नाही. मुलगी शिकायला बंगळूरला गेली. प्राणी सांभाळणारे संस्थावाले घेत नाहीत, वर आम्हालाच झापतात. रविवारी पाषाण तलावात सोडतोय, बिचारं मोकळं तरी फिरेल." खाली बदाम आणि जोडलेले हात यांचा पूर. एक काकू म्हणाल्या, पुण्य लागेल. मी दोन ओळी खरडल्या, तर ॲडमिननं "वातावरण बिघडवू नका" म्हणून उडवल्या. म्हणून इथे सविस्तर बिघडवतो.

फोटोत डोळ्यामागचा लाल पट्टा स्वच्छ दिसतोय. रेड इअर्ड स्लायडर. मिसिसिपीच्या खोऱ्यातलं जनावर, पाषाणशी त्याचा संबंध काय? दुकानात असतं दोन इंचांचं. वाढून दहा-बारा इंचांचं होतं आणि नीट सांभाळलं तर तीस वर्षं सहज जगतं. हे दुकानदार सांगत नाही, गिऱ्हाईक विचारत नाही. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघानं १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. तिथल्या लोकांनीही हीच भूतदया दाखवली होती, आणि तिथल्या मूळ कासवांना ऊन खायला दगड मिळेनासे झाले.

आणि आपलं स्वतःचं कासव? लीथचं मऊ पाठीचं कासव. १८७२ मध्ये ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्यातल्या नमुन्यावरून. आज ते अतिसंकटग्रस्त आहे. त्याला पुण्यात कुणी ओळखत नाही, आणि अमेरिकेच्या पाहुण्याला सोडायला लोक सुट्टीच्या दिवशी गाडी काढतात.

अर्धाचहा

माहिती चोख. आता प्रश्नाचं उत्तर द्या: द्यायचं कुठे?

मी हे सगळं केलंय. एक संस्था म्हणाली, आम्ही फक्त देशी वन्यप्राणी घेतो. दुसरी म्हणाली, जागा झाली की कळवतो. ते अजून कळवतायत. तिसरीकडच्या बाईंनी विचारलं, "घेताना लाज नाही वाटली?" अहो, मी घेतलंच नव्हतं! भाच्याला वाढदिवसाच्या पार्टीत रिटर्न गिफ्ट मिळालं होतं. प्लास्टिकचा डबा, त्यात प्लास्टिकचं नारळाचं झाड आणि हे. बहिणीनं आठवडाभरात माझ्याकडे ढकललं. आता सांगा, लाज कुणाला वाटायला हवी?

सगळे दरवाजे बंद करायचे आणि माणूस तलावावर गेला की प्रवचन द्यायचं, हे सोपं आहे.

रानवाटा

झापणाऱ्यांपैकी मी एक. तुमची ती बाई मी नसेन अशी आशा आहे, पण असूही शकते. दिवसाला तोच फोन आला की जीभ सुटते.

माझ्या गच्चीवर आज जे स्लायडर आहेत त्यातला एकही रस्त्यावर सापडलेला नाही. सगळे "चांगल्या घरातले" आहेत. मे महिन्यात आणि दिवाळीच्या आधी फोन वाढतात, कारण लोकांना गावाला जायचं असतं. सगळे एका टाकीत ठेवता येत नाहीत, चावतात एकमेकांना, शेपट्या तोडतात. आणि दत्तक द्यायचं म्हटलं, तर टाकीचा फोटो मागितल्यावर लोक म्हणतात, "मुलगी बघायला आलात का?" हो, तसंच समजा. मुलीलाही कुणी धुण्याच्या टबात ठेवू नये.

पाषाणकाका

मी तलावावर रोज फिरायला जातो. राम नदीतून मैलापाणी येतं, वर जलपर्णीची सतरंजी. पक्षी बघायला यायचे लोक, आता नाक दाबून जातात. त्या पाण्यात तुमचं अमेरिकन कासव आठवडाभर टिकलं तर त्याचा सत्कार करा. आधी महापालिकेला जाब विचारा, मग कासवांचं बघू. नदीकाठ सुशोभनावर किती पैसे ओतले त्याचा हिशेब कुणी मागत नाही.

खडकवासलाकर

काका, टिकतं हाच तर प्रॉब्लेम आहे. घाण पाण्यातही टिकतं. जलपर्णीवर वेगळा धागा काढा, मी +१ द्यायला येतो.

पाषाणकाका

काढला होता. तीन प्रतिसाद आले, त्यातले दोन माझेच.

पशुवैद्य_पुणे

दोन्ही बाजूंना थोडं. परवा एक स्लायडर "खात नाही" म्हणून आणला. दोन्ही डोळे सुजून मिटलेले, पाठ अंगठ्यानं दाबली तर आत जाते. पिल्लू होतं तेव्हापासून फक्त डब्यातली वाळकी कोळंबी. अ जीवनसत्त्व नाही, कॅल्शियम नाही. मालक म्हणाले, "उन्हात ठेवतो की, खिडकीत." काचेतून उन्हातले यूव्हीबी किरण येत नाहीत हो, हाडं पक्की व्हायला तेच लागतात. बंद खिडकीतल्या उन्हानं ऊब मिळेल, हाडं नाही. माणूस वाईट नव्हता, दर रविवारी ब्रशनं पाठ घासून चकचकीत ठेवायचा.

दुसरं अप्रिय आहे. संस्थांची जागा संपली, घरं मिळत नाहीत, तलावात सोडायचं नाही. मग उरलेल्यांसाठी वेदनारहित मृत्यू हा पर्याय जगात अनेक ठिकाणी वापरतात. त्यावर बोलायचंच नाही असं ठरवलं, तर आपण सोडणाऱ्यांचीच सोय करतोय.

नारायणपेठी

वा डॉक्टर! जागा नाही म्हणून मारा. उद्या वृद्धाश्रमालाही हाच नियम लावा.

आमच्या आजीकडे वाड्यात स्टार कासव होतं. माझे वडील शाळेत असल्यापासून. चौकात मोगऱ्याच्या कुंड्यांमागे झोपायचं, जास्वंदीचं फूल दिसलं की आजीच्या पायाशी यायचं. कसला यूव्हीबीचा दिवा नि कसली टाकी? वाडा बिल्डरकडे गेला, आजी गेली, कासव आत्याकडे फ्लॅटमध्ये आहे. ठणठणीत! प्रेम असलं की जनावर जगतं, हे तुमच्या पुस्तकात नाही.

खडकवासलाकर

नारायणपेठी, हे असं जाहीर लिहू नका. स्टार कासव पाळणं गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीपासून ते थेट अनुसूची १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. प्रेमाची तरतूद त्यात नाही.

नारायणपेठी

म्हणजे माझी पंचाहत्तरीची आत्या गुन्हेगार, आणि रिटर्न गिफ्टला कासवं पुरवणारा दुकानदार मोकळा? धन्य तुमचा कायदा.

अर्धाचहा

यावर नारायणपेठींना +१००. स्लायडर आपल्या अनुसूचीत नाही, म्हणून विका बिनधास्त. परदेशातून आलेल्या बॅगांत चेन्नईच्या विमानतळावर हजारांनी सापडतात, तरी इथे दुकानात माल कमी पडत नाही. अजगर, इग्वाना पाळणाऱ्या बाणेरच्या हौशींना २०२४ मध्ये नोंदणीसाठी सहा महिने दिले. आजीच्या कासवाला कुणी दिले?

खडकवासलाकर

मुदत दिली होती, पण आजीच्या कासवाला नाही. २००३ मध्ये, १८० दिवस, अनुसूची १ आणि २ मधल्या काही प्राण्यांसाठी; स्टार कासव तेव्हा त्यांत नव्हतं, पण पाळायला बंदी तेव्हाही होती. वाड्यात पेपर येत नव्हता वाटतं.

नारायणपेठी

पेपर यायचा. आजीचे डोळे गेले होते. आता हसा.

रानवाटा

खडकवासलाकर, पुरे. बरोबर असलात तरी पुरे.

नारायणपेठी, एक विचारते, रागावू नका. आत्यांच्या फ्लॅटमध्ये फरशी गुळगुळीत आहे का? ते चालताना मागचे पाय बाजूला फाकतात का? पाठीवरचे उंचवटे टोकदार झालेत का? वाड्यात त्याला माती होती, ऊन होतं, पाला होता. दिवा लागत नव्हता, कारण डोक्यावर सूर्य होता. ते प्रेमावर नाही, चौकावर जगलं.

नारायणपेठी

पाय फाकतात. आत्या म्हणते म्हातारपण.

रानवाटा

म्हातारपण नसावं. आधी जाड पायपुसणी नाहीतर सुतळीची चटई अंथरा, आजच. टबात, पाण्यात ठेवत असाल तर बंद करा, हे कोरड्या रानातलं आहे, खोल पाण्यात बुडून मरतं. पालेभाजी-गवत द्या, पोळी-भात नको. पुढचं वन विभागाला स्वतःहून कळवून करायचं. मी सोबत येईन.

नारायणपेठी

आणि ते नेऊन कात्रजच्या डोंगरावर सोडणार. त्यापेक्षा आत्याची फरशी बरी.

पशुवैद्य_पुणे

नाही सोडत. पुण्याचे डोंगर त्याचं मूळ घर नाहीत. ते गुजरात-राजस्थानचं, नाहीतर दक्षिणेकडच्या झुडपी रानांचं. इतकी वर्षं माणसांत राहिलेलं जनावर तपासण्यांशिवाय कुठल्याच रानात सोडत नाहीत, त्याचे आजार तिथल्यांना लागतात. बहुधा कायम सांभाळच. आणि वृद्धाश्रमाचं म्हणाल, तर मी निरोगी प्राण्याबद्दल बोललो नव्हतो.

अर्धाचहा

बोलला होतात डॉक्टर. वर जाऊन वाचा. "उरलेल्यांसाठी" असं आहे, आजारी हा शब्दच नाही.

पशुवैद्य_पुणे

बरं. आजारी आणि बरे न होणारे. खूश?

गृहिणी_सातारारोड

वास्तूसाठी कासव उत्तरेला ठेवतात, आमच्याकडे आहे, भरभराटच झाली. इथे श्रद्धाळू लोकांची टर उडवतात.

खडकवासलाकर

ताई, टर उडवायला अजून कुणी श्रद्धेचं नावही काढलं नव्हतं. पण पितळेचं ठेवा. उत्तरेलाच ठेवा.

अर्धाचहा

असो. तलावात सोडू नये हे मला आधीही मान्य होतं, सोडणारा राक्षस नसतो एवढंच म्हणत होतो. खडकवासलाकरांनी त्या गृहस्थांना चिडवण्याऐवजी रानवाटांचा नंबर दिला असता तर हा धागाच लागला नसता.

रानवाटा

नंबर देऊ नका! जागा नाही सांगितलं ना. त्यांना म्हणावं, मुलगी येईपर्यंत गॅलरीत मोठं सिमेंटचं टाकं करा, चढायला दगड, थेट ऊन, अर्ध्या भागावर सावली. फिल्टर नसेल तर पाणी वारंवार बदला. आणि हाताळल्यावर साबणानं हात धुवा, साल्मोनेला नावाचा जिवाणू असतो. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून छोटी कासवं विकायला बंदी आहे ती त्यामुळेच, पोरं तोंडात घालायची.

अर्धाचहा, माझ्याकडे एक चार फुटी जुनी टाकी पडून आहे. एका कोपऱ्यात गळते, सिलिकॉन मारावं लागेल. हवी असेल तर घेऊन जा.

अर्धाचहा

फुकट?

रानवाटा

फुकट. पण आधी गॅलरीचा फोटो पाठवा.

नारायणपेठी

आत्याशी बोललो. चटई अंथरली. ती म्हणते, त्या बाईंना चहाला बोलाव, कासव बघू देत, मग ठरवू. कुठल्या कागदावर सही मात्र ती करणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो.