तीन स्क्रल, तीन गायी: रीड रिचर्ड्सने केला तो न्याय होता का?

कोरा कागद (धागाकर्ता)

'फँटॅस्टिक फोर'चा दुसरा अंक (जानेवारी १९६२, स्टॅन ली आणि जॅक कर्बी) मार्व्हल या अमेरिकन कॉमिक्स प्रकाशनाच्या सुरुवातीच्या अंकांत मला सगळ्यात जास्त आवडतो. त्याच्या शेवटच्या पानाचा मात्र तितकाच राग येतो.

वाचला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. फँटॅस्टिक फोर म्हणजे रीडच्या अवकाश-उड्डाणात अद्भुत शक्ती मिळालेले चौघे: रबरासारखा ताणला जाणारा रीड रिचर्ड्स, अदृश्य होणारी सू, पेट घेणारा जॉनी आणि खडकासारखा देह झालेला बेन ग्रिम, म्हणजेच थिंग. स्क्रल हे हिरव्या कातडीचे परग्रहवासी हवं ते रूप घेऊ शकतात. पृथ्वीवर चढाई करायची तर आधी या चौघांचा काटा काढायला हवा, म्हणून ते चौघांचीच रूपं घेतात. खोटा थिंग समुद्रातला तेलविहिरीचा मनोरा पाडतो, खोटी सू मौल्यवान हिरा पळवते, खोटा जॉनी संगमरवरी पुतळा वितळवतो, खोटा रीड शहराची वीज घालवतो. लोक खवळतात आणि लष्कर खऱ्या चौघांना कोठडीत टाकतं. ते निसटतात, तोतयांना पकडतात, त्यांच्याच यानातून स्क्रल सेनापतीपर्यंत पोचतात आणि त्याला थापा मारून परत पाठवतात. हाती उरलेले तीन स्क्रल जिवाची भीक मागतात. रीड त्यांना गायींची रूपं घ्यायला लावतो, संमोहनाने आधीचं सगळं विसरायला लावतो. कुरणात तीन गायी चरताहेत, अंक समाप्त.

ज्यांनी चौघांचं म्हणणं ऐकून न घेता त्यांना डांबलं ते चुकले, हे पटवण्यात अर्धा अंक जातो. आणि शेवटी रीड स्वतः काय करतो? कुणाला न विचारता तिघांची जन्मभराची शिक्षा ठरवतो. त्यात शेजारी बेन ग्रिम आहे. नको असलेल्या देहात अडकणं म्हणजे काय हे त्या घरात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही, आणि त्याला त्या देहात अडकवणारं उड्डाण रीडचंच होतं. त्याच रीडने आणखी तिघांना परक्या देहात कायमचं कोंडावं, हे माझ्या गळी उतरत नाही.

सांजवेळ

असहमत. रूप बदलणाऱ्याला कुठली कोठडी धरून ठेवणार? लष्कराने चौघांसाठी ज्याच्या-त्याच्या ताकदीनुसार वेगवेगळ्या कोठड्या केल्या होत्या, तरी चौघेही सुटलेच. सू अदृश्य झाली, पहारेकऱ्याला वाटलं पळाली, त्याने दार उघडलं आणि ती सटकली. स्क्रल तर पहारेकऱ्याचंच रूप घेऊन बाहेर पडतील. परत पाठवावं तर सेनापतीला दिलेली हूल उघडी पडते आणि चढाई पुन्हा दारात. उरतो एकच मार्ग, ठार मारणं. रीडने तो टाळला. मला यात दयाच दिसते.

आणि बेनशी तुलना पटत नाही. बेनचा देह त्याच्यावर लादला गेला. स्क्रलांचा रूप पालटणं हा स्वभावच आहे.

नदीकाठ

मी मूळ प्रश्नाला थोडी बगल देतेय, पण ही कथा दुसऱ्याच अंकात आली याबद्दल कुणी बोलत नाहीये. माझ्या मते तिची खरी ताकद तिथे आहे. पहिल्या अंकात या चौघांनी काय केलं होतं आठवा. थिंग दार फोडून बाहेर पडतो, जॉनी लष्कराची विमानं वितळवतो, शहरात घबराट पसरते. म्हणजे दुसऱ्या अंकात थिंगने मनोरा पाडलेला दिसला तेव्हा १९६२च्या वाचकाला 'हा असं करणार नाही' अशी खात्री वाटायचं काही कारणच नव्हतं. अजून गणवेशसुद्धा नव्हते, ते तिसऱ्या अंकात आले. नायकांवर पुरता विश्वास बसायच्या आत त्यांच्याविषयी संशय पेरणं, हे धाडस मला तरी फार मोठं वाटतं.

ओसरी

@नदीकाठ, मला नेमकं उलट वाटतं. तोतयाची भीती खोल जायची तर आधी खरा माणूस जिवाभावाचा हवा. मार्व्हलने २००८च्या 'सीक्रेट इन्व्हेजन'मध्ये हीच कल्पना पुन्हा काढली, तोवर वाचकांनी त्या मंडळींसोबत अनेक दशकं काढली होती. म्हणून 'यातला कोण खरा?' हा प्रश्न तिथे बोचतो. इथे पाचव्या-सहाव्या पानाशीच लेखक गुपित सांगून टाकतात.

बाकी धागाकर्त्याशी सहमत. त्यात भर एवढीच की सेनापतीसमोर हे चौघे स्वतः तोतये होऊन उभे राहतात, 'आम्हीच तुमचे स्क्रल, फँटॅस्टिक फोरच्या रूपात' असं सांगतात. रीड पुरावा म्हणून राक्षसांची आणि अजस्र किड्यांची चित्रं दाखवतो, ती 'स्ट्रेंज टेल्स' आणि 'जर्नी इंटू मिस्टरी' या कॉमिक्समधून कापलेली! तेव्हा कर्बी त्याच प्रकाशकासाठी असल्याच राक्षसकथा काढत होता. ते पान मला अतोनात आवडतं. सेनापती चित्रांना भुलतो आणि खऱ्याखोट्यात गफलत करतो, अगदी मनोऱ्याची बातमी ऐकणाऱ्या लोकांसारखीच. इतकी बांधेसूद रचना हातात असताना शेवट मात्र घाईत उरकलाय.

सांजवेळ

घाई असेल, पण तेव्हाची बंधनंही बघा. १९५४च्या कॉमिक्स कोडनुसार (प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली) गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी होती, आणि पोलीस, न्यायाधीश, सरकार यांच्याविषयी अनादर वाटेल असं चित्रणही चालत नव्हतं. सरकारने निरपराधांना डांबलं ही बाजू ली-कर्बी जास्त ताणूच शकले नसते. शिक्षा हवी, रक्त नको, या दोन्ही अटींत गायी बसतात.

कोरा कागद

कोडचा मुद्दा मान्य. त्याने शेवट असा का झाला ते कळतं. तो योग्य होता हे त्यातून सिद्ध होत नाही.

स्क्रलांचा स्वभाव रूप पालटणं आहे म्हणता, मग तर एकाच रूपात गोठवणं ही त्यांच्यासाठी सर्वांत कठोर शिक्षा झाली. आणि बेनकडे निदान बेन असल्याची आठवण आहे. याच अंकात किरणोत्सर्गी पट्ट्यातून जाताना तो क्षणभर पुन्हा माणूस होतो आणि लगेच ते हातून जातं. त्या चौकटी बघताना पोटात कालवतं, कारण काय गमावलं हे त्याला कळतं. तिघा स्क्रलांकडून तेही काढून घेतलं.

पुढच्या लेखकांनाही हे प्रकरण मिटल्यासारखं वाटलं नसावं. जॉन बर्नने १९८३च्या 'फँटॅस्टिक फोर' वार्षिकांकात त्या गायींचं दूध प्यायलेल्या गावकऱ्यांची गत दाखवली. १९९५च्या 'स्क्रल किल क्रू'मध्ये तर त्यांचं मांस लोकांच्या पोटात जातं.

सांजवेळ

नंतरच्या लेखकांनी गडद केलं म्हणून १९६२चा रीड दोषी ठरत नाही. आणि आठवण काढून घेतली याचा तुम्हाला राग येतो, तर उलट विचार करून बघा. मन शाबूत ठेवून गाय केलं असतं तर तो निव्वळ छळ झाला असता. आपण कोण होतो हे माहीत असताना कुरणात जन्म काढायचा! विसर पडला म्हणून ते जगू शकले.

नदीकाठ

निदान त्यांना विचारायला हवं होतं की मरण हवं, आठवणीसकट गाय व्हायचं की आठवणीविना. जीव वाचवण्यासाठी गयावया करणाऱ्याने 'हो' म्हटलं त्याला मी संमती मानत नाही. याबाबत मी धागाकर्त्याच्या बाजूने.