डॉक्टरकी करून विल्यम कार्लोस विल्यम्स एवढं लिहायचा कधी?

रिकामा_कागद: सध्या अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्स वाचतोय. माणूस न्यू जर्सीतल्या रदरफर्डला जवळपास ४० वर्षं डॉक्टरकी करत होता, लहान मुलांचा डॉक्टर, वर बाळंतपणं, रात्री-अपरात्री घरोघरी व्हिजिटा, आणि त्यातच कविता, कथा, नाटकं, 'पॅटरसन'सारखी पाच भागांची कविता... लिहिलं कधी हे सगळं? मला ऑफिसातून आल्यावर चार ओळी सुचत नाहीत.

आडवी_ओळ: निवांत वेळ मिळेल मग लिहू असं त्याचं नव्हतंच. दवाखान्यात टाइपरायटर होता, एक पेशंट गेला की दुसरा आत यायच्या आधी दोन ओळी बडवायच्या, नाहीतर प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर खरडायचं. म्हणून ओळी आखूड असं लोक म्हणतात, मला ते अर्धंच पटतं. ती १९२३ची लाल हातगाडीची कविता बघा, इंग्रजीत फक्त १६ शब्द, पावसात भिजलेली गाडी, शेजारी पांढऱ्या कोंबड्या, संपलं. पण हातगाडीचा इंग्रजी शब्दच, 'व्हीलबॅरो', मधे तोडून खालच्या ओळीत ढकललाय, आधी चाक येतं मग गाडी, डोळा अडखळत जातो. हे काय कागद अरुंद होता म्हणून होत नाही.

तिरकस: टाइपरायटरचं कौतुक सगळे करतात, बायकोचं नाव कोणी काढत नाही. १९१२ला लग्न, दोन मुलगे, सगळं घर फ्लॉसने ओढलं. आणि हा तिने नाश्त्याला ठेवलेले प्लम खाऊन वर माफीची कविता करून मोकळा :D (कविता झकास आहे, ते सोडा.)

रिकामा_कागद: हाहा. पण मग पेशंट बघून डोकं थकत नसेल?

आडवी_ओळ: थकत असणारच हो, पण लिहायला माल तिथूनच यायचा, आत्मचरित्रात त्याने स्वतः तसं म्हटलंय. 'द यूज ऑफ फोर्स' ही कथा वाचा. डिप्थेरियाचा (घटसर्पाचा) संशय, पोरगी तोंड उघडेना, डॉक्टरचा चष्मा उडवते, लाकडी पट्टी दातांनी चावून तुकडे करते, शेवटी हा चमचा मागवून जबरदस्तीने घसा बघतो. आणि सरळ सांगतो की मला राग आलेला, त्या राग काढण्यात मजाही वाटली. अशी कबुली देणारा डॉक्टर मी दुसरा वाचला नाही. चार-पाच पानंच आहेत, आज रात्रीच होईल वाचून.