नव्या घरातल्या टाइल्सच्या फटी: काळ्या पडू नयेत म्हणून काय करता?

घराचा ताबा मिळून वर्षही होत नाही तोच फटी मळकट दिसू लागतात. नेमकं काय करायचं ते प्रमाणासकट लिहा.

*

आधी फटीत काय भरलंय ते ओळखा. कोरड्या फटीवर पाण्याचा थेंब सोडा. मुरून गडद डाग पडला तर सिमेंटचं ग्राउट (फटी भरायचा मसाला) किंवा मिस्त्रीने दडपलेलं नुसतं पांढरं सिमेंट. मण्यासारखा वर बसून राहिला तर इपॉक्सी (पाणी न शोषणारं रेझिनचं ग्राउट) किंवा सीलर (पाणी मुरू न देणारं द्रव) मारलेलं ग्राउट. पुढचं सगळं यावर ठरतं.

*

कळकळीने सांगते, ॲसिड नको! ताब्याआधीच्या सफाईत रंगाचे, सिमेंटचे डाग काढायला फरशीभर ॲसिड फिरवतात. फटीवर फेस येतो तो मळ सुटल्याचा नव्हे, सिमेंट विरघळतंय त्याचा. ग्राउट खाली बसतं, भुसभुशीत होतं आणि पुढे फडक्यातलं गढूळ पाणी तिथेच जिरतं. सफाईला माणसं येण्याआधीच हे बजावून ठेवा. चकचकीत टाइलवरचे रंगाचे थेंब ओले करून ब्लेड तिरपं धरून खरवडले की निघतात.

*

सिमेंटच्या ग्राउटला आत मुरणारा सीलर लावा. ग्राउट भरल्यावर किती दिवस थांबायचं ते डब्यावर असतं. घाई केली तर ओल आत अडकते. बारीक ब्रशने फक्त फटीत भरा. टाइलवर ओघळलेलं 5-10 मिनिटांत पुसा, वाळलं की पांढुरका पापुद्रा धरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब टाकून बघा. मुरला तर दुसरा हात.

*

मळलेल्या फटीला 3 चमचे खायचा सोडा, 1 चमचा पाणी. लेप 15 मिनिटं ठेवून नायलॉनच्या ब्रशने फटीच्या दिशेने घासा आणि मळ लगेच टिपून घ्या. तारेच्या ब्रशचे कण फटीत अडकून गंजतात. सोड्यात व्हिनेगर घालू नका, दोन्ही एकमेकांना मारतात. ओट्यामागे तेलकट थर असेल तर आधी गरम पाणी आणि भांड्यांचं लिक्विड. ब्लीच वापरलंत तर त्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

*

मळ बहुतेक वेळा आपणच भरतो. एकाच बादलीत पूर्ण घर पुसलं की गढूळ पाणी खोलगट फटीत उतरतं. दोन बादल्या घ्या, एक पिळायला, एक चांगल्या पाण्याची. खोली बदलली की पाणी बदला. साबण दुप्पट घातला तर चिकट थर राहून धूळ धरतो.

*

इपॉक्सी भरताना मिस्त्रीच्या शेजारी उभं राहा. टाइलवर राहिलेला थर ओल्या स्पंजने तिथल्या तिथे निघतो, कडक झाल्यावर फार छळतो. उन्हाच्या गच्चीत पांढरं इपॉक्सी पिवळं पडतं, तिथे करडा रंग घ्या.

*

बाथरूममध्ये भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात ग्राउट तडकतं, भेगेत ओल राहून बुरशी धरते. तिथे जुनं खरवडून, पूर्ण वाळवून बुरशीरोधक सिलिकॉन भरा आणि 24 तास पाणी लागू देऊ नका.